जतकडची भाकरी

दुःखानं माणूस मोठा होतो, हे वाक्य मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. आमच्या घरात माळ आहे, आषाढी आहे, त्यामुळं किती बुवांच्या तोंडून ते ऐकलं याची मोजदाद नाही. २०१९ च्या महापुरानंतर मात्र ते मला पटेनासं झालं.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २००५ साली नदी ५३ फुटांच्या वर गेली, तेव्हा गल्लीतली जुनी माणसं म्हणाली होती, एवढं पाणी आता परत बघायला मिळायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टात ते ५७ फुटांच्या पुढं गेलं. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या सगळ्या भिंतींवर गाळाची एकच रेघ होती. माणसं मात्र त्यातून एकसारखी बाहेर आली नाहीत. काही पहिल्यापेक्षा मऊ झाली, काही आखडली. सरकारनं शहरात घरटी १५ हजार आणि खेड्यात १० हजारांचं सानुग्रह अनुदान दिलं, त्याच्या यादीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांकडं बघेनासे झाले. याच्या उंबऱ्याला पाणी लागलंच नव्हतं, त्याला तर वर दोन मजले आहेत, तिचा भाडेकरू वेगळा धरला मग आमचा का नाही. एका बोटीत बसून जीव वाचवलेली हीच माणसं. दुःख जर माणसाला मोठं करत असेल, तर या घरांत ते काय करत होतं?

मी जन्मभर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो. शेतकऱ्याच्या पट्ट्या, उचल, बाकी, व्यापाऱ्याची बिलं यात डोळे गेले. कुणी दुःख सोसलं आणि त्याच्या मनात करुणा आली, असं सरळ सांगितलं की मला त्यात मधलं काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. ते मधलं काय, याचा विचार मी गेली काही वर्षं करतो आहे, आणि जे सुचलं ते माझ्या आईमुळं सुचलं.

आई तेव्हा ऐंशीच्या पुढं होती. आमच्या दारातून रिकाम्या हातानं कुणी गेलं नाही, हा तिचा जन्माचा अभिमान. पंढरीला जाणाऱ्या दिंडीचं एक जेवण आमच्याकडं असायचं आणि वाढायला ती स्वतः उभी राहायची. एरवी दारात आलेल्याला ती उंबऱ्याच्या आतून वाढायची, वरून, हाताला हात लागू न देता. यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. तिच्या पिढीत तसं वाटणारी माणसं फारशी नव्हतीच. तिनं आयुष्यभर दिलं आणि मनापासून दिलं. पण कुणापुढं हात पसरण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

पुरात आम्ही वरच्या मजल्यावर थांबून राहिलो. मग वीज गेली, प्यायचं पाणी संपलं, आणि जवानांनी आईला गॅलरीतून उचलून बोटीत घेतलं. विश्रामबागेच्या बाजूला उंचावरच्या एका शाळेत सोय झाली. बाकं एका अंगाला सारलेली, फळ्यावर तारीख आणि सुविचार तसाच, आणि खाली सतरंज्यांवर आमच्यासारखी कितीतरी घरं. खायला येत होतं, कमी पडत नव्हतं. दारात मोठी पातेली लागायची, रांग व्हायची. आई रांगेत जाईना, आणि मी आणून दिलेलं ताट पुढं घेऊन बसून राही. भूक नाही म्हणे. चहा तेवढा घेई. रागावून, समजावून झालं. तिचा चेहरा कुणीतरी भर चौकात पदर ओढल्यावर होईल तसा झाला होता.

आमच्या जिल्ह्याची रचना बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पश्चिमेला कृष्णा-वारणेच्या काठी वाळवा, पलूस, मिरज, ऊस आणि पूर. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिथं कायमचा दुष्काळ. म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी डोंगर चढवून तिकडं न्यायचं काम इतकी वर्षं चाललं आहे. त्या ऑगस्टात सांगली बुडत होती तेव्हा पूर्वेकडच्या गावांत टँकर फिरत होते. उन्हाळाभर तिथली जनावरं चारा छावणीत होती. आणि त्याच भागातून आमच्यासाठी भाकरी येत होत्या. घरोघरी थापलेल्या, धडप्यात बांधलेल्या, वर शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा.

जतकडून असाच एक टेम्पो आला. त्यातून आलेल्या बायांतली एक तरुण बाई वर्गात वाटत वाटत आमच्यापर्यंत आली. काखेत पोर, असेल दीड वर्षाचं. बोलीत कानडीचा हेल. तिनं आईच्या पुढं भाकरी धरली, आईनं मान हलवली. बाईनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बाजूला झाकून ठेवलेल्या ताटाकडं. मग भाकरी परत धडप्यात ठेवली आणि म्हणाली, "आजी, हे पोरगं धरा की जरा. लई वळवळ करतंय, मला वाटू देत न्हाई. आन्‌ चतकोर भाकरी चारा त्येला, सकाळपासनं उपाशी हाय." एवढं बोलून तिनं पोर आईच्या मांडीवर ठेवलं, अर्धी भाकरी हातात दिली आणि पुढं गेली.

आई क्षणभर तशीच बसली. मग तिनं माझ्या कपातला उरलेला चहा मागितला, त्यात भाकरी कुस्करली, बोटांनी मऊ केली आणि पोराला भरवायला लागली. त्यानं चार-पाच घास घेतले आणि तोंड फिरवलं. कपात जे उरलं, पोराची लाळ लागलेलं, ते आईनं खाल्लं. कुणाचं पोर, कोणत्या घरचं, काही ठाऊक नाही. जिनं जन्मभर वरून वाढलं तिनं परक्या लेकराचं उष्टं खाल्लं आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. बाई परत आली तेव्हा आई म्हणाली, "आणखी एक दे गं. मलाही भूक लागलीय."

त्या बाईनं आईला समजावलं नाही, तिची कीव केली नाही. हिला घेता येत नाहीये, हे तिनं ओळखलं, आणि द्यायच्या आधी तिनं आईकडंच काहीतरी मागितलं. हे शहाणपण तिला कुठून आलं असेल? जाताना तिच्याच बोलण्यात आलं, छावणीत चाऱ्यासाठी ती स्वतः उन्हाळाभर रांगेत उभी होती. रांगेत उभं राहिल्यावर मानेला काय होतं, डोळे कुठं ठेवावेत ते कसं कळेनासं होतं, हे तिला ठाऊक होतं. नुसता दुष्काळ तिला हे शिकवू शकला नसता. दुष्काळात तिला दुसऱ्याच्या हातून घ्यावं लागलं होतं आणि ते घेणं तिनं पचवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सोसण्यानं आपोआप कुणी कनवाळू होत नाही. सोसताना कुणीतरी आपल्यापर्यंत यावं लागतं आणि आपण त्याला येऊ द्यावं लागतं. त्यातही दुसरी गोष्ट जास्त अवघड. देणाऱ्याची थोरवी आपल्याकडं पुष्कळ गायली जाते. दान, धर्म, अन्नछत्र, पाणपोई. घेणाऱ्याला काय पार करावं लागतं हे मात्र आपण विचारत नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे करुणेचं खरं शिक्षण तिथंच होतं.

हे म्हणताना मला ताटीचा प्रसंग आठवतो. वारकरी घरात तो सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि म्हणूनच त्याकडं नीट बघणं होत नाही. आईवडिलांनी धर्मशास्त्राच्या सांगण्यावरून देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं, चार भावंडं संन्याशाची पोरं म्हणून गावाबाहेर, माधुकरी मागायला गेलं तरी अपमान. अशाच एका अपमानानंतर ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि ताटी लावून घेतली, अशी परंपरेतली कथा आहे. लक्षात घ्या, हे ज्ञानदेव आहेत. दुःखानं माणूस मोठा होतो हे खरं असतं तर त्यांच्याएवढं सोसलेला मुलगा दार उघडून बाहेर यायला हवा होता. दुःखानं त्यांच्याकडूनही दार लावून घेतलं. ते उघडलं मुक्ताबाईनं, सगळ्यांत धाकटीनं, बाहेर उभं राहून, भावाला हाका घालून. ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत. तीही त्याच घरातली, त्याच अपमानातली. तिच्याजवळ ज्ञानदेवांना माहीत नाही असं कुठलं तत्त्वज्ञान असणार? ती बाहेर उभी होती आणि जात नव्हती, एवढंच. आणि ज्यांनी एका धाकट्या बहिणीचं ऐकून घेतलं, त्याच ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ग्रंथ पुरा करताना देवाकडं जे मागितलं त्यात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातलं दुष्टपण जावं एवढं मागितलं. कीर्तनकारांनी या दोन गोष्टी एकत्र सांगाव्यात असं मला फार वाटतं. ताटी उघडली नसती तर ते मागणं कुठून येणार होतं?

आमच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांचं नुकसान आमच्याहून जास्त झालं. दुकान आणि घर दोन्ही गेलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला पोरं आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. मला कुणाचं काही नको, म्हणाले. एकटे फावडं घेऊन गाळ उपसत राहिले. माझा त्यांच्याबद्दल आदर कमी झाला नाही, आजही नाही. त्यांच्या ताठ कण्याला मी नमस्कार करतो. पण त्यानंतर ते गल्लीत कुणाच्या दुःखाला गेले नाहीत. कुणी अडचण सांगितली की म्हणतात, माझ्या वेळी मी निभावलं, तूही निभाव.

त्यांना बघितलं की मला हरिपूरची पेवं आठवतात. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या मातीत पूर्वापार हळदीची पेवं होती. तोंड अरुंद, आत पोट मोठं, माणूस उभा-आडवा मावेल असं. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा उरत नाही, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं तशीच राहते. पण पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरला तर तो गुदमरून मरतो. म्हणून तोंड काही वेळ मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील दोरानं आत सोडायचा; कंदील विझला तर थांबायचं. आणि हमाल खाली उतरला तरी त्याचा दोर वर कुणीतरी धरून असायचं. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि तो सगळा व्यवहारच पुढं गोदामांकडं गेला. अडतीवर असताना मी पेवं उघडताना पुष्कळ पाहिली आहेत. मनात बंद केलेलं दुःखही तसंच टिकतं, रंगसुद्धा उतरत नाही. ज्याचं त्याला त्यात एकट्यानं उतरता येत नाही. दोर धरायला वर कुणी असेल तरच ते बाहेर काढता येतं आणि कुणाच्या कामी येतं.

तुकोबांच्या चरित्रातला एक प्रसंग तर माझ्या धंद्यातलाच आहे. घर देहूच्या महाजनांचं, सावकारी वडिलोपार्जित. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढं त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतं इंद्रायणीत सोडली. भावाच्या वाटणीची तेवढी भावाला दिली. खत म्हणजे काय हे ज्यानं आयुष्यभर कागद सांभाळले त्याला विचारा. मालकाचा एक कागद गहाळ झाला तर रात्रभर झोप नसायची. तुकोबांनी ते नदीत कसे सोडले असतील? मला वाटतं, दुष्काळाआधीचा तुकाराम ते सोडू शकला नसता. तोवर तो देणेकऱ्याच्या दारात उभा राहिलेला माणूस होता. दुष्काळानं त्याला दाराच्या आतल्या बाजूला आणून बसवलं. घरात काही नाही आणि बाहेर मागणारा उभा आहे, हे त्यानं स्वतःच्या घरात पाहिलं. भावाचा वाटा त्यानं बुडवला नाही, हेही मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या जिवावर दयाळू होणं त्याला मान्य नव्हतं.

बौद्ध परंपरेतली किसा गोतमीची गोष्टही आपण जरा घाईनं सांगतो. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. मग तिला कळतं की मरण कुणाला चुकलेलं नाही. पण एवढंच सांगायचं असतं तर बुद्धांनी तिला तिथंच सांगितलं असतं. त्यांनी तिला मागायला पाठवलं. मोहरी प्रत्येक घरात होती आणि प्रत्येक घर द्यायला तयार होतं. ती दारात उभी राहून विचारत गेली असेल, तुमच्याकडं कोण गेलं, आणि त्या त्या घरानं सांगितलं असेल, सासरा गेला, मुलगी गेली, बाळंतपणात सून गेली. गावानं तिला आपापलं दुःख दिलं. ते घेता घेता तिच्या हातातलं मूल तिला खाली ठेवता आलं.

असं दुःखातलं देणं-घेणं मिरजेत रोज दिसतं. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं दवाखाना उभा केला, आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून रोगी मिरजेला येतात. रोग्याबरोबर आलेली माणसं आठवडे-आठवडे व्हरांड्यात काढतात. वडिलांच्या आजारपणात मीही काढले. एकाच्या डब्यातली भाजी दुसऱ्याच्या ताटात जाते, भाषा येत नसली तरी. ज्याचा रोगी बरा होऊन घरी निघतो तो चटई, थर्मास, पाण्याची कळशी मागं ठेवून जातो, नव्यानं आलेल्यासाठी. त्याच्या आधीच्यानं त्याला तशीच दिलेली असते. आफ्रिकेत लांबारेनेला १९१३ पासून दवाखाना चालवणारे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर म्हणत, वेदनेची खूण ज्यांच्या अंगावर उमटली ती सगळी माणसं एका बिरादरीची. जो त्यातून सुटला त्यानं आपण मोकळे झालो असं समजू नये. सुटला, हा शब्द मला त्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला कुणीतरी सोडवलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, मग पूर आला ते एका अर्थी बरंच झालं. असं बोलणारे भेटलेही. एका सप्ताहात एका बुवांनी सांगितलं, देवानं सांगलीकरांची परीक्षा घेतली. मी त्या जागेवरून उठून आलो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, कृष्णा आणि येरळा जिथं मिळतात त्या गावात, माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जीव गेले. बाया होत्या, लहान मुलं होती. त्यांच्या घरच्यांपुढं उभं राहून हे वाक्य म्हणायची कुणाची छाती आहे? पाऊस कोयनेच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरांत पडतो, धरणाचे दरवाजे उघडावे लागतात, पूररेषेच्या आत आपण घरं बांधून बसलेलो असतो, बोट एक असते आणि चढणारी माणसं पुष्कळ. यात देवाचा धडा शोधणं मला निर्दयपणाचं वाटतं. ज्याच्यापर्यंत बोट पोचली नाही, त्याच्या दुःखातून कुणाची करुणा वाढली वगैरे बोलणं त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. दुःख कमी करता येतं तिथं ते कमीच केलं पाहिजे. बोटी वाढवा, पूररेषा पाळा, इशारा वेळेवर द्या. माझी श्रद्धा कुठं शाबूत राहिली असेल तर ती जतच्या त्या टेम्पोपाशी.

गाळ काढायला बाहेरून जी माणसं आली त्यांत लातूरकडचा एक मध्यमवयीन माणूस होता. आमच्या माजघरातला गाळ घमेल्यानं उपसत होता. मी म्हटलं, दादा, इतक्या लांबून आलात. तो म्हणाला, "तुमचं पाणी प्यालोय आम्ही." २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आम्हाला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं होतं, पेपरातले फोटो बघितले होते, आणि नंतर आम्ही विसरून गेलो. त्यानं विसरायचं नाव घेतलं नव्हतं. देणारा विसरतो आणि घेणारा लक्षात ठेवतो, हे मी उचलीच्या वहीतही नेहमी पाहत आलो. पण वहीतल्या लक्षात ठेवण्यात धाक असायचा. या माणसाच्या चेहऱ्यावर मोकळेपणा होता.

आई घरी परतली ती थोडी बदलून परतली. मोठं काही झालं नाही, एकदम तर नाहीच. आधी मला इतकंच दिसलं की ती आता उंबऱ्याच्या आतून वाढत नाही. भाजीवाली, बोहारीण, केरसुण्या विकायला येणारी, कुणीही असो, तिला आत बोलावते. गाव कुठलं विचारते, पोरं किती विचारते. चहा ठेवते. आणि चहा होईपर्यंत तिला काहीतरी काम सांगते. "एवढी सुई ओवून दे गं, मला दिसत नाही." "जरा या बरणीचं झाकण फिरव." "माझ्या पाठीला एवढं तेल चोळशील?" सुरुवातीला मी चिडलो. आलेल्या माणसाला कामं काय सांगतेस? सुई ओवायला घरात सून आहे, नातवंडं आहेत. आई म्हणाली, "तिला नुसतं घ्यायला कसं वाटतं ते तुला काय कळणार. तुला सगळ्यांनी नुसतं दिलंय." मग मला जतच्या बाईचं पोर आठवलं आणि मी गप्प बसलो. ती केरसुणीवाली आता आमच्या गल्लीत आली की आधी आईला हाक मारते, "आजी, सुया काढा."

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, ५५ फुटांच्या आसपास. तेव्हा आम्ही आधीच बाहेर पडलो. शाळेतल्या रांगेत आई सगळ्यांत पुढं होती. मागून येणाऱ्या, मान खाली घातलेल्या म्हाताऱ्यांना पुढं बोलावून घेत होती.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. सोलापूर जिल्ह्यातली, धाराशिवकडची गावं पाण्यात गेली. जी माती वर्षानुवर्षं पावसाची वाट बघते ती वाहून गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं दावणीलाच बुडाली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी एक गाडी न्यायची ठरवली. काय न्यायचं यावर देवळात बैठक झाली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नव्हतं ते कपडे गोळा करू म्हणाले. ज्यांच्या घरात शिरलं होतं ते एका सुरात नको म्हणाले. २०१९ ला आलेल्या जुन्या फाटक्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला कसे सडले होते, हे त्यांना आठवत होतं. फावडी, घमेली, झाडू, फिनेल, मेणबत्त्या, काड्यापेट्या, बायांसाठी पॅड, पोरांना वह्या, आणि जनावरांना सुका चारा, अशी यादी झाली. यादी करताना कुणालाच फार विचार करावा लागला नाही. त्या ताठ कण्याच्या गृहस्थांकडंही पोरं गेली होती. त्यांनी पैसे दिले, बऱ्यापैकी दिले, आणि नाव लिहू नका म्हणाले. ते बैठकीला आले नाहीत. कधी येतील का, मला सांगता येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री पोरं आईच्या पाया पडायला आली. ती आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं. कुठं चाललात, गाव कोणतं, किती जण, सगळं विचारून घेतलं. मग माझ्या पुतण्याला जवळ बसवून म्हणाली, "कुणाच्या तरी घरातला गाळ काढाल, ती माणसं चहा ठेवतील. घरात काही नसलं तरी ठेवतील. घाई आहे म्हणू नका. बसा आणि प्या."

पुतण्या परत आल्यावर आईनं पहिलं तेच विचारलं. तो म्हणाला, दूध नव्हतं, कोराच होता, गूळ घातलेला. एका घरी कप दोनच होते, म्हणून पाळीपाळीनं प्यायलो. मग त्या घरातल्या आजोबांनी ही पोरं कुठली, आईबाप काय करतात, लग्नं झाली का, सगळी चौकशी केली आणि दिवाळीला या म्हणून बजावलं. पोरं दिवाळीला जायचं म्हणतायत. आईनं त्यांच्याबरोबर द्यायला हळद काढायला सांगितली आहे, राजापुरी, यंदाची.